धर्मगुरू व ख्रिस्तसभेच्या सेवकांचे सर्वांगीण आरोग्य

धर्मगुरू आजारी पडले की श्रद्धावंत त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. ते आजारी पडू नयेत म्हणून काय करावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

नागपूरच्या मिशनकार्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. महाल ही भोसल्यांच्या राजधानीची मुख्य वस्ती असताना, १८४५ साली, स्कॉटिश मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप येथे आले. त्यांचे सहकारी रेव्ह. रॉबर्ट हंटर यांना १८५५ साली प्रकृती खालावल्यामुळे मायदेशी परतावे लागले. आपल्या काळात, १९ एप्रिल २०१८ रोजी, नागपूरचे आर्चबिशप अब्राहम विरुथकुलंगरा दिल्ली येथे हृदयक्रिया बंद पडून प्रभूघरी गेले. त्यांचे वय ७४ वर्षे होते.

ख्रिस्तसभेची शिकवण

धर्मगुरूंची काळजी घेणे ही केवळ दयाबुद्धीची बाब नाही. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत तिला हक्काचे स्थान आहे.

• कलम २८१ : धर्मगुरूंना योग्य मानधन, तसेच आजारपणात, अपंगत्वात व वार्धक्यात आधार मिळावा.
• कलम २८३ : त्यांना दरवर्षी पुरेशी सुटी मिळावी.
• कलम ५३३ : धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू वर्षातून एक महिन्यापर्यंत सुटी घेऊ शकतात, तपसाधनेचे दिवस त्यात धरले जात नाहीत.
• कलम ३८४ : बिशपांनी आपल्या धर्मगुरूंची विशेष आस्थेने काळजी घ्यावी.
• कलम २३१ : ख्रिस्तसभेच्या विशेष सेवेत कायम वा तात्पुरते वाहून घेतलेल्या प्रापंचिकांना कुटुंबाच्या गरजा भागतील असे वेतन व आरोग्यविषयक संरक्षण मिळावे.

शेवटचे कलम विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. कॅटेकिस्ट हा धर्मगुरूंच्या बरोबरीने उन्हातान्हात फिरतो. त्याच्या घरच्या आजारपणाची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

आरोग्याची चार अंगे

शरीर, मन, बंधुभाव व आत्मा ही चारही अंगे परस्परांशी निगडित आहेत. अवेळी जेवण व अपुरी झोप यांनी शरीर थकते. एकाकीपणाने मन खचते, आणि थकलेल्या मनाला प्रार्थनाही जड जाते. नैराश्य वा व्यसन यांना केवळ श्रद्धेची उणीव समजणे चूक आहे. तेथे आध्यात्मिक मार्गदर्शकाबरोबर डॉक्टरांचीही आवश्यकता असते.

आपण काय करू शकतो?

घरभेटीस आलेल्या धर्मगुरूंना प्रत्येक घरी साखरेचा चहा व मिठाई यांचा आग्रह करू नये. दहा घरांचा आग्रह एकाच शरीराला सोसावा लागतो. त्यांच्या विश्रांतीच्या दिवसाचा मान राखावा. धर्मग्राम समितीने धर्मगुरू, धर्मभगिनी व कॅटेकिस्ट यांच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीसाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी. एखादे धर्मगुरू अबोल वा चिडचिडे झाल्यास मिस्सानंतर अंगणात चर्चा करण्यापेक्षा आपुलकीने त्यांची विचारपूस करावी.

कार्यावरून परतलेल्या प्रेषितांना प्रभू येशूने एकांतात जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले (मार्क ६:३१). त्या वेळी त्यांना जेवायलाही सवड नव्हती. जो विसावा प्रभूने आपल्या प्रेषितांना दिला, तो आपणही त्याच्या सेवकांना द्यावा.