कंपनीच्या साहेबाचा घुमट

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात टेकडीच्या उतारावर बोर्टन-ऑन-द-हिल नावाचे गाव आहे. मधाच्या रंगाच्या दगडाची घरे, जुने चर्च, आणि भरदुपारीही रस्त्यावर माणूस नाही. नातेवाइकांकडे गेलो असताना आम्ही वाट वाकडी करून तिथे पोचलो. गावापासून मेंढरांच्या कुरणांतून पायवाट जाते. त्या वाटेवरून झाडांमागे हिरवट पडलेला तांब्याचा घुमट दिसला आणि पाय थबकले. कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतींवर रुंद छज्जे. क्षणभर वाटले, आता अजान ऐकू येईल.

हे सेझिनकोट. बंगालमध्ये नोकरी करून परतलेल्या कर्नल जॉन कॉकरेल यांनी 1795 मध्ये ही जहागीर विकत घेतली. तीन वर्षांत ते वारले. मग ईस्ट इंडिया कंपनीतच कमाई करून आलेला त्यांचा भाऊ चार्ल्स याने 1805 च्या सुमारास ही हवेली बांधवली. आराखडा तिसरा भाऊ सॅम्युअल याचा. तो कंपनीचा वास्तुविशारद, पण त्याने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता! मदतीला होता चित्रकार थॉमस डॅनिअल. हा मात्र पुतण्यासह सात-आठ वर्षे आपला मुलूख हिंडून चित्रे काढून गेला होता. गंमत अशी, की ही हवेली आतून पूर्ण युरोपीय आहे. शेरवानी आमची, अंग त्यांचे.

बांधकामाच्या या सालापाशी आम्ही अडखळतो. 1803 च्या सप्टेंबरात जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून दिल्ली घेतली. तोवर मराठ्यांच्या छायेत असलेला, डोळे काढलेला वृद्ध बादशहा शाह आलम कंपनीच्या पेन्शनीवर आला आणि 1806 मध्ये वारला. म्हणजे लाल किल्ल्यात मुघल बादशहा पेन्शन मोजत होता, तेव्हा कंपनीच्या पैशावर इंग्लंडच्या खेड्यात मुघल घुमट चढत होता. आमच्या पाठ्यपुस्तकांत या दोन गोष्टी कधी एका पानावर येत नाहीत.

बागेत डॅनिअलची करामत दिसते. सूर्याचे मंदिर आहे, पुलाच्या कठड्यावर नंदी आहेत आणि पुलाखालचे जाड खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेले आहेत. मुंबईच्या लाँचमधून आम्ही पोरांची सहल नेतो, तीच ही घारापुरी! मशिदीचा घुमट आणि देवळाचा नंदी एकाच अंगणात. मालकाला हे वेगळे करण्याची गरज वाटली नाही, त्याच्या लेखी सगळाच 'हिंदुस्थान'. त्यात आदर किती आणि हौस किती, हे ठरवणे कठीण आहे. पण नजर वाईट नव्हती, एवढे म्हणावे लागते. प्रमाण इतके नेटके साधले आहे की राग धरवत नाही.

इथूनच ब्रायटनच्या राजमहालाला कल्पना मिळाली असे मानतात. 1914 मध्ये त्या महालात जखमी हिंदी सैनिकांचे इस्पितळ झाले. हिंदू आणि मुसलमान शिपायांची स्वयंपाकघरे वेगळी होती.

परतल्यावर आम्ही सातवीच्या वर्गात सेझिनकोटचे छायाचित्र फिरवले. पोरींना ते हैदराबाद वाटले. खरे ठिकाण सांगितल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, वहाँ नमाज़ कौन पढ़ता था?"

"कोई नहीं," आम्ही म्हणालो. मग फळ्यावर 1803 लिहिले आणि धडा सुरू केला.