ब्युटेनचा कॅम्पिंग स्टोव्ह: कोणता घ्यायचा आणि पवना-लोणावळ्याला कसा वापरायचा?

पवनेच्या काठावर तंबू, समोर तुंग नाहीतर तिकोना, आणि हातात वाफाळता चहा. हा फोटो प्रत्येकाच्या फीडमध्ये येऊन गेलाय. त्या चहाखाली जो छोटा गॅस स्टोव्ह असतो, तो आता ऑनलाइन सहज मिळतो आणि पहिल्या ट्रेकच्या आधी बरेच जण तो घेतातच. पण घेताना आपण रेटिंग आणि रंग बघतो. आत काय चाललंय ते कुणी सांगत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, हिंजवडीत नोकरी आणि सुट्टीला मावळ. इंजिनिअरिंगला थर्मोडायनॅमिक्स पास होण्यापुरतंच केलं होतं, पण या स्टोव्हच्या बाबतीत त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरते: कॅनचं तापमान म्हणजेच कॅनमधला दाब. स्टोव्ह नीट न पेटणं आणि स्टोव्हचा अपघात होणं, या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

कॅनमध्ये नक्की काय असतं?

पारदर्शक लायटर हलवून बघा. आत पाण्यासारखं जे डुचमळतं ते द्रवरूप ब्युटेन. साधं ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे आपल्याकडच्या हवेत ते मोकळं सोडलं की लगेच वायू होतं. बंद कॅनमध्ये मात्र थोडं वायू होतं, दाब वाढतो आणि उरलेलं द्रव राहतं. नॉब उघडला की वरचा वायू बाहेर जातो आणि खालचं द्रव उकळून नवा वायू तयार होतो. पंप नाही, मोटर नाही. हा उकळण्याचा दाबच गॅस बर्नरपर्यंत ढकलतो.

आता आकडे बघा. २० अंशांना कॅनच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १.१ बार जास्त असतो. १० अंशांना तो निम्म्यावर, ०.५ बारच्या आसपास येतो. शून्याला जवळपास काहीच उरत नाही. उलट ५० अंशांना तोच दाब ४ बारच्या घरात जातो. पत्र्याच्या पातळ कॅनवर ५० अंशांच्या वर तापवू नका असं छापलेलं असतं ते यामुळेच.

ब्युटेनची दोन भावंडं आहेत. आयसोब्युटेन उणे ११.७ अंशांना उकळतं, प्रोपेन उणे ४२ ला. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. हे पुढे दोनदा कामाला येणार आहे.

कोणता घ्यायचा?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला चपटा, टेबलावर ठेवायचा, प्लॅस्टिकच्या पेटीतून येणारा. त्यात स्प्रेच्या बाटलीसारखा लांबट कॅन आडवा बसतो, गॅस साधारण २२० ग्रॅम. दुसरा मुठीत मावणारा, घडी होणारा बर्नर, जो बुटक्या, आटे असलेल्या कॅनवर स्क्रूसारखा फिरवून बसतो.

गाडीने पवनेला जाणार असाल, चार-सहा जणांचं पोहे-मॅगी करायचं असेल तर चपटाच घ्या. तो पसरट असतो, पातेलं कलंडत नाही. पाठीवर सामान घेऊन राजमाचीला चालत जाणार असाल तर घडीचा. वजन कमी, पण उंच आणि डुगडुगता. त्यावर तीन लिटरचं पातेलं चढवू नका. लांबट कॅन घडीच्या बर्नरला जोडायचे अॅडॉप्टरही मिळतात. माझं मत विचाराल तर ते टाळा. प्रत्येक जादा जोड म्हणजे गळतीची एक जादा जागा.

चपट्या स्टोव्हमध्ये एक गोष्ट असल्याशिवाय पैसे देऊ नका: दाब वाढला की गॅस आपोआप तोडणारी सेफ्टी. कॅन जास्त तापला तर ती कॅनला बर्नरपासून सोडवते आणि ज्योत विझते. वर्णनात हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाही असं धरा.

मग वॅट. लिस्टिंगवर मोठ्या अक्षरात किलोवॅट लिहितात, कारण आकडा मोठा दिसतो. हिशोब सोपा आहे: १ किलोवॅट म्हणजे तासाला जवळपास ८० ग्रॅम गॅस. २.२ किलोवॅटचा बर्नर पूर्ण पेटवला तर २२० ग्रॅमचा कॅन सव्वा तासात संपेल. ३.५ किलोवॅटचा तर पाऊण तासातच. चहासाठी २ ते २.५ किलोवॅट भरपूर आहे.

किती कॅन न्यायचे? लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडं वर आहे, तिथे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. एक लिटर पाणी २० अंशांवरून तिथपर्यंत न्यायला, निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तरी, साधारण १४ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे कागदावर एका कॅनमध्ये पंधरा लिटर. पण हा वारा नसतानाचा हिशोब. विसापूरच्या पठारासारख्या उघड्या जागेवर दुप्पट गॅस सहज जातो. चार जण, एक रात्र, दोनदा चहा आणि एकदा जेवण, तर मी दोन कॅन नेतो आणि दुसरा बहुतेक वेळा अर्धा परत येतो. अर्धवट कॅनमध्ये किती उरलंय ते हलवून कळत नाही. नवा असताना किचनच्या काट्यावर वजन करून कॅनवरच मार्करने लिहून ठेवा.

पहाटे ज्योत का मरते?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे लोणावळ्याकडे पारा १२ अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखालीही. कॅन रात्रभर बाहेर राहिला की तोही तेवढाच गार. दाब आधीच निम्मा. वर आणखी एक भानगड: द्रव उकळायला उष्णता लागते आणि ती कॅनमधूनच जाते. मी हिशोब करून पाहिला. मध्यम ज्योतीवर, बाहेरून उष्णता मिळालीच नाही असं धरलं तर भरलेला कॅन मिनिटाला जवळपास १ अंशाने गार होतो. प्रत्यक्षात आजूबाजूची हवा थोडी उष्णता देते म्हणून वेग कमी पडतो, पण कॅनवर दव जमताना तुम्ही पाहिलं असेल. ते हेच. कॅन रिकामा होत जाईल तसा तो आणखी पटकन गारठतो. म्हणून गॅस आहे, पण ज्योत मेणबत्तीएवढी.

यावर उपाय साधे आहेत. रात्री कॅन स्टोव्हपासून काढून, टोपण लावून, जॅकेटमध्ये गुंडाळून ठेवा. सकाळी पेटवण्याआधी दहा मिनिटं हातात किंवा अंगाशी धरा. एकाच वेळी मोठं पातेलं भरून ठेवण्यापेक्षा थोडं थोडं पाणी गरम करा. थंडीत जाणार असाल तर घेतानाच आयसोब्युटेन किंवा थोडं प्रोपेन मिसळलेला कॅन बघा, प्रमाण कॅनवर छापलेलं असतं. आटेवाल्या कॅनमध्ये असं मिश्रण जास्त मिळतं. घडीचा बर्नर असेल तर कॅन कोमट पाण्याच्या थाळीत उभा ठेवता येतो. कोमट म्हणजे हात आरामात बुडेल इतकंच.

लायटरने कॅनची बूड शेकणं, कॅन शेकोटीजवळ सरकवणं, उकळतं पाणी ओतणं, हे तिन्ही प्रकार मी कॅम्पवर डोळ्यांनी पाहिलेत. पहिली पाच मिनिटं ते कामही करतात, म्हणूनच लोक करतात. पण तापमान ५० वर थांबेल याची हमी कोण देणार?

कॅन तापतो तो असा

चपट्या स्टोव्हचा सगळ्यात ओळखीचा अपघात मोठ्या भांड्यामुळे होतो. पसरट तवा किंवा बार्बेक्यूची जाळी स्टोव्हच्या बाहेर येऊन कॅनच्या कप्प्यावर पसरली की खालची उष्णता परावर्तित होऊन कॅनवर येते. भांडं बर्नरच्या बाजूलाच राहिलं पाहिजे, कॅनच्या झाकणावर आलं की ते मोठं झालं. दोन स्टोव्ह शेजारी लावून एक परात चढवणं तर विसराच.

वाऱ्यासाठी आडोसा करायचा तर एका बाजूनेच. घडीच्या बर्नरभोवती चहूबाजूंनी फॉइल गुंडाळली तर कॅन त्या भट्टीत अडकतो. पाठीमागे दगड किंवा सॅक ठेवली की पुरतं, फक्त सॅक हातभर लांब.

मे महिन्यात घाटात गाडी उन्हात उभी असेल तर कॅन डिकीत सोडून धबधबा शोधायला जाऊ नका. बंद गाडी आतून ६० अंशांवर सहज जाते.

आणि घरच्या सिलिंडरमधून रिकामे कॅन भरून देणारे लोक असतात. त्यात प्रोपेन असतं हे वर आलंच. २० अंशांनाच शुद्ध प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या कित्येक पट असतो, आणि हा पत्रा त्यासाठी बनलेलाच नाही. शिवाय घरगुती गॅस असा काढून भरणं बेकायदेशीर आहे.

पेटवताना

लांबट कॅनच्या तोंडाशी एक खाच असते, ती वरच्या दिशेला, स्टोव्हवरच्या खुणेसमोर यायला हवी. आतली नळी त्यामुळे वर राहते आणि वायूच ओढते. खाच चुकीच्या बाजूला गेली तर द्रव ओढलं जातं आणि एकदम हातभर ज्वाळा उठते. घडीच्या बर्नरवर कॅन तिरका झाला तरी तेच. कॅन बसवला की जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर काढून परत बसवा. काडी पेटवून गळती शोधू नका (हेही पाहिलंय).

पावसाळ्यात लोणावळ्याच्या धुक्यात स्टोव्हची ठिणगी अनेकदा पडतच नाही, ओलाव्यामुळे. तेव्हा आधी नॉब बंद, थोडं थांबा, मग लायटर किंवा काडेपेटी. नॉब उघडा ठेवून दहा वेळा टकटक करत बसलात तर तेवढा गॅस खाली साचतो. ब्युटेन हवेच्या दुप्पट जड असतं, ते उडून जात नाही, खड्ड्यात आणि तंबूच्या तळाशी बसतं.

तंबूच्या आत: नाही

बाहेर पाऊस आहे, दार अर्धं उघडं ठेवतो, दोनच मिनिटं. नाही. तंबूचं कापड पॉलिस्टर किंवा नायलॉन, ते वितळून अंगाला चिकटतं. बाहेर पडायला एक चेन. पण आगीपेक्षा फसवी गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. हवा कमी पडली किंवा ज्योत गार भांड्यावर दबली की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. कॅम्पवर रात्री दीड वाजता कुणाचं डोकं दुखत नाही? म्हणून लक्षातच येत नाही.

स्टोव्हपेक्षाही जास्त धोका बार्बेक्यूच्या सिगडीचा. पवनेच्या कॅम्पवर ती सर्रास मिळते. ज्वाळा गेली की कोळसे विझल्यासारखे वाटतात, आणि थंडी आहे म्हणून कुणीतरी सिगडी तंबूत ओढतं. निखारे तासन्‌तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. एका कॅम्पवरचे काका रात्री फेरी मारून प्रत्येक तंबूबाहेर सिगडी मोजायचे. “पोरांनो, पांघरूण अजून एक देतो, पण ही आत न्यायची नाय.” कुणी असा गुंगलेला सापडला तर आधी त्याला मोकळ्या हवेत ओढा आणि १०८ लावा, शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या.

लोकलने जाताय?

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरून लोहगड करणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. गॅस कॅन रेल्वेत नेता येत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक माल नेला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छोटा कॅन आहे, कोण बघतंय, असं म्हणणाऱ्यांनी २६ ऑगस्ट २०२३ ची मदुराईची बातमी वाचावी. पर्यटकांच्या डब्यात बेकायदा आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि ९ जण गेले. विमानातही हे कॅन चालत नाहीत, ना हातातल्या बॅगेत, ना चेक-इनमध्ये. लोकलने जाणार असाल तर जेवण गावातल्या घरी सांगा. पिठलं-भाकरी तुमच्या मॅगीपेक्षा बरीच असते.

लोहगड पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही. कार्ला-भाजेची लेणीही संरक्षित. अशा ठिकाणी ठरवून दिलेल्या जागेशिवाय स्वयंपाकाला मनाई आहे, मग स्टोव्ह कितीही छोटा असो. इतरत्रही डिसेंबरनंतर मावळातलं गवत वाळून पिवळं पडतं. स्टोव्ह उघड्या कातळावर किंवा मातीवर ठेवा, भोवतीचं गवत हातभर काढा, शेजारी पाण्याची बाटली उघडी असू द्या. एक वणवा पूर्ण डोंगर खातो.

रिकामा कॅन कधीच पूर्ण रिकामा नसतो. तो शेकोटीत टाकला तर फुटतो, काठावर टाकला तर गंजत पडतो, आणि पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं. ज्योत आपोआप विझेपर्यंत उरलेला गॅस जाळा, टोपण लावा, घरी आणून सुक्या कचऱ्यात वेगळा द्या. खिळ्याने भोक पाडू नका.