धरमतरचे बांध : घरचे आणि मक्त्याचे

भाड्यानें दिलेल्या घराची डागडुजी स्वतः उभें राहून करवावी कीं मक्तेदाराच्या हवालीं करावी, या वादाचा निकाल घरोघर वेगळा लागतो. धरमतरच्या खाडीलगत, पेणच्या खारेपाटांत, हाच प्रश्न समुद्रानें पिढ्यान्‌पिढ्या कसाला लावला आहे. आणि तेथें चुकीचा दंड गळक्या कौलांवर भागत नाहीं.

येथील बरेंचसें खाजण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांध घालून भाताखालीं आणलें गेलें. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरांत त्याच्या दोन रीती नोंदल्या आहेत. जेथें कुळांनीं एकत्र येऊन बांध घातला व पुढेंही आपल्याच मेहनतीनें राखला, ती 'कुळारग'. जेथें कोणी ऐपतदार माणसानें बाहेरचा बांध घालून तो राखण्याचें काम अंगावर घेतलें, तेथें तो 'शिलोत्रीदार'. त्याला शेतकऱ्यांनीं बिघ्यामागें ठराविक भात द्यावयाचें. यास 'शिलोत्री मण' म्हणत.

कुळारगाचें वर्णन वाचून सहकाराचे भक्त हर्षभरित होतील. आम्हीही प्रथम झालों होतों. पण बांध मातीचा. त्याला खेकड्याचें बीळही पुरतें. उधाणाच्या रात्रीं एका आळशाच्या वांट्यांत खांड पडली, कीं खारें पाणी साऱ्यांच्या शेतांत शिरतें, आणि पावसानें मीठ धुऊन निघेपर्यंत ती जमीन नीट पिकत नाहीं. शिलोत्रींत निदान कोणाच्या दारीं ओरडत जावयाचें, हें तरी ठरलेलें.

तिची खरी खुबी मोबदल्यांत होती. बांध उभा करून, रक्कम मोजून घेऊन हा मक्तेदार निघून जात नसे. त्याचें भात त्याच जमिनींतून यावयाचें. शेत बुडालें कीं त्याचा मणही बुडे. मात्र असा हक्क वारशानें चालूं लागला, म्हणजे मण मोजून घेणारा हात आणि बांधावर माती टाकणारा हात एकच राहील, याची हमी कोणी द्यावी? वारसाला हक्क आठवतो. बीळ बुजविणें आठवतेंच असें नाहीं.

१९४८ च्या खारजमीन कायद्यानें सरकारनें या बांधांत हात घातला. १९५५ च्या कायद्यानें कुलाबा जिल्ह्यांतील शिलोत्री हक्क रद्द झाले, आणि १९७९ मध्यें खारभूमि विकासाचा नवा कायदा आला. शिलोत्रीदार गेला, पण मक्तेदार गेला नाहीं. आतां सरकारी बांधाचें काम निविदेनें त्याच्याकडे जातें. त्याचें बिल पिकावर अवलंबून नसतें. खांड पडली, तर घमेलें घेऊन प्रथम धांवतो तो शेतकरीच.