आमच्या बिल्डिंगमागचं पेव

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा झाली. मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला चार मजल्यांची आमची जुनी इमारत. बिल्डरच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली. उंच टॉवर, खाली तीन मजले पार्किंग, त्यावर पोडियम, पोडियमवर बाग. चित्रातली बाग आमच्या आजच्या अख्ख्या आवारापेक्षा हिरवीगार होती.

मी एकच प्रश्न विचारला. "जमिनीवरची उघडी माती किती राहणार?"

तो म्हणाला, "सर, ग्रीनरी भरपूर आहे. चौथ्या लेव्हलला."

लोक हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर मागच्या खिडकीतून खाली पाहिलं आणि ठरवलं की यावर लिहायचंच. मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

खिडकीखाली, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये, आठ फूट रुंदीची एक पट्टी आहे. ऊन जेमतेम तासभर, तेही तिरकं. तिथे गुलाब लावून झाला, मोगरा लावून झाला, तुळसही लावली. काहीच टिकलं नाही. आज, ऐन श्रावणात, तिथे माझ्या छातीएवढे दांडे उभे आहेत. पानं दांड्याभोवती गोल जिन्यासारखी चढत गेलेली. टोकाला लालभडक कणीस आणि त्यातून रोज एखाद-दोन पांढरी फुलं. चुणीदार मलमलीसारखी पाकळी, मध्ये पिवळी झाक. फूल एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी नवं. कणीस मात्र महिनाभर लाल राहतं आणि मुंग्या त्यावरचा गोड रस पीत दिवसभर फिरत असतात.

हे पेव. कोकणात कुणी पेवा म्हणतं. केमुक हे त्याचं संस्कृत नाव. हळद आणि आल्याच्या नात्यातलं हे रानफूल. नॅशनल पार्कमध्ये, येऊरला, आरेच्या ओढ्याकाठी पावसाळ्यात मोठ्या झाडांच्या सावलीत ते उगवतं. म्हणजे आमच्या मुलुंडचं ते मूळ रहिवासी. आपण नंतर आलो.

आता 'पेव' हा शब्द आपण रोज कुठे वापरतो? 'पेव फुटलंय' म्हणताना. क्लासेसचं पेव फुटलं, टॉवरचं पेव फुटलं. त्या म्हणीतलं पेव मात्र वेगळं. जमिनीखाली खणलेलं धान्याचं कोठार म्हणजे पेव. सांगलीजवळच्या हरिपूरला तर हळद साठवायची पेवं होती. २००५ च्या महापुरात त्यांचं मोठं नुकसान झालं. फुलाचं नाव त्या कोठारावरून आलं की नाही, यात मी पडत नाही. पण दोघांचं काम एकच. आठ महिने जमिनीखाली साठवून ठेवायचं आणि वेळ आली की वर काढायचं. दिवाळीनंतर पेवाचे दांडे पिवळे पडतात, वाळून जातात. वरून बघणाऱ्याला वाटतं, मेलं. खाली कंद झोपलेला असतो. मृगाचे दोन पाऊस झाले की कोंब वर.

या फुलाची पुस्तकांत नोंद कशी झाली, तेही ऐकण्यासारखं आहे.

सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर होता हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड. त्याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करून घेतला, 'हॉर्तुस मलाबारिकस'. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात पेवही आहे, मल्याळी नावाने. पण आपल्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर तीन कोंकणी वैद्य होते, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांनी दिलेलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलंय. भाषा कोंकणी, लिपी नागरी. युरोपात इतक्या लवकर नागरी अक्षरं छापली गेली ती कशासाठी? तर झाडपाल्यासाठी!

पुढे १७८३ मध्ये योहान कोनिग याने पेवाला शास्त्रीय नाव दिलं. हा लिनियसचा विद्यार्थी, तरंगमबाडीला येऊन राहिलेला. त्यानंतर ते नाव अनेकदा बदललं. आजची जुनी-नवी पुस्तकं उघडली तर कॉस्टस, कायलोकॉस्टस, हेलेनिया अशी तीन नावं सापडतील. आपलं पेव आहे तिथेच आहे.

मुंबईच्या वनस्पतींची पहिली मोठी यादी १८३९ ची. ती करणारा जॉन ग्रॅहम मुंबईच्या टपाल खात्यात डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होता. पत्रांचा कारभार सांभाळत त्याने मुंबई आणि आसपासची झाडं नोंदवली. पुस्तक छापून पूर्ण व्हायच्या आधीच, त्याच वर्षी, खंडाळ्याला तो वारला. उरलेलं काम जोसेफ निम्मो या मित्राने केलं. पुढे १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा आला. हा कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा प्राचार्य होता. त्याच्या ग्रंथात पेव आहे, आणि आजही अभ्यासक तो ग्रंथ उघडतात.

ही नावं मुद्दाम सांगतोय. टपालवाला, प्राचार्य, वैद्य. पोटापाण्याचा उद्योग वेगळा असून या लोकांनी पायाखालच्या वनस्पतीची नोंद ठेवली. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस. रस्ते, पाणी, नाले, महापालिकेच्या सभा यांच्या बातम्या वीस वर्षं दिल्या. पेवाची बातमी एकदाही दिली नाही.

मग हे जंगल आपल्या दारात उरलं कसं? पाण्यामुळे. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी मुंबईत गेलं, १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. तलावांत पाणी हवं तर वरचे डोंगर झाडांनी झाकलेले हवेत. म्हणून पाणलोटातलं रान राखलं गेलं. पुढे त्याचंच राष्ट्रीय उद्यान झालं. आज ते शंभरावर चौरस किलोमीटरचं आहे, एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड. पलीकडे आरेत १९४९ मध्ये दुग्ध वसाहत आली. रानाचा काही भाग गोठे आणि कुरणांत गेला, बराचसा राहिला.

आणि आपल्या बागांत काय आलं? मुंबईत बाग म्हणजे राणीची बाग, १८६२ ची. तिथून पुढे बाग म्हणजे लॉन, ताटवे आणि परदेशी शोभेची झाडं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं. आज कुठल्याही सोसायटीची सावलीतली जागा बघा. मनीप्लांट पॅसिफिकमधल्या बेटावरचा. डिफेनबाकिया आणि सिंगोनियम अमेरिकेतले. अरेका पाम मादागास्करचा. स्नेक प्लांट आफ्रिकेतला. त्यांच्यावर माझा राग नाही, माझ्याही घरात मनीप्लांट आहे. पण जंगलाच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसांना त्या जंगलातलं एकही फूल ओळखता येऊ नये, हे काही बरं नाही. सावलीत काय लावायचं याचं उत्तर भिंतीपलीकडे होतं.

मला ते उत्तर मिळालं आईमुळे. सात वर्षांपूर्वी ती संगमेश्वरकडच्या आमच्या गावाहून आली ती पिशवीत चार कंद घेऊन. म्हणाली, "तुझ्या त्या अंधाऱ्या बोळात लाव. परड्यात आपलं येतं ते, कुणी लावलंय थोडंच."

मी लावले. पहिल्या वर्षी तीन उगवले. त्या हिवाळ्यात पानं वाळली तेव्हा मी घाबरलो आणि रोज बादलीभर पाणी घातलं. दोन कंद कुजले. आईला फोन केला तर म्हणाली, "निजलेल्याला पाणी पाजतात का रे?" उरलेल्या एकापासून आजचा हा सगळा विस्तार.

तुम्हाला लावायचं असेल तर हे लक्षात ठेवा. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला कंद आडवा, डोळा वर करून, दोन-तीन बोटं खोल लावा. माती भुसभुशीत हवी आणि तीत पालापाचोळा भरपूर. पाणी साचू देऊ नका. खत विकत आणू नका, झाडाखालची पानं जाळायचं थांबवा, तेवढं पुरतं. पूर्ण अंधार नको, गाळीव उजेड हवा. पावसाने उघडीप दिली तर पाणी घाला. दांडे पिवळे पडले की पाणी बंद. वाळलेले दांडे कापून तिथेच पसरा. कंद नसेल तर दांड्याचे वीतभर तुकडे ओल्या वाळूत आडवे ठेवले तरी पेरापाशी फुटतात. कुंडीतही येतं, पण कुंडी मोठी आणि पसरट हवी.

आणि एक हात जोडून विनंती. नॅशनल पार्कमधून कंद उपटून आणू नका. तो गुन्हा आहे आणि लाजिरवाणंही आहे. गावाकडून आणा, देशी झाडांच्या रोपवाटिकेत विचारा, नाहीतर माझ्याकडे या.

तीन वर्षांपूर्वी भर ऑगस्टमध्ये साफसफाईवाल्यांनी 'गवत' म्हणून अख्खी पट्टी मशीनने सपाट केली होती. मी चिडून खाली गेलो. समितीतले एक काका शांतपणे म्हणाले, "अहो, झाड थोडंच तोडलंय? परवानगी कशाची घ्यायची?"

तेव्हा मला राग आला होता. नंतर कळलं, काकांनी कायदाच सांगितला होता. महाराष्ट्रातला १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा झाडांचा आहे. झाडाला नंबर असतो, खोडावर रंग असतो, तोडायला परवानगी लागते. मुंबईच्या गेल्या वृक्षगणनेत सुमारे तीस लाख झाडं मोजली गेली. आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये कारशेडसाठी झाडं तोडली तेव्हा आपण सगळे आकडाच बोलत होतो, दोन हजारांहून जास्त झाडं. बरोबरच होतं ते. पण त्या झाडांखाली जे होतं, पेव, रानहळद, शेवळं, तेरडा, त्याचा आकडा कुणीच धरला नाही. ते मोजायची पद्धतच नाही. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात दुसरीकडे रोप लावता येतं, निदान कागदावर तरी. झाडाखालच्या जमिनीच्या बदल्यात काय लावणार?

कारवीचं नशीब त्या मानाने बरं. ती आठ वर्षांनी एकदा फुलते म्हणून २०१६ ला आणि २०२४ ला तिच्या बातम्या झाल्या, लोक फोटो काढायला गेले. पेव दरवर्षी येतं, म्हणून त्याची बातमी होत नाही. जून महिन्यात स्टेशनबाहेर शेवळं आणि टाकळा विकायला बसणाऱ्या एका मावशींना मी मोबाइलवर पेवाचा फोटो दाखवला होता. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "पेवा हाय ह्यो. कवळा कोंब खात्यात ह्याचा. तुमी फोटू कशाला काढलाय?" त्यांना त्यात नवल नव्हतं. आमच्या इमारतीतल्या बत्तीस घरांत नाव सांगणारं कुणी नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. आमच्या इमारतीचं स्लॅब गळतं, लिफ्ट नाही, चौथ्या मजल्यावरच्या आजी दोन वर्षांत खाली उतरलेल्या नाहीत. नवी इमारत हवीच. पण पोडियमवरची बाग म्हणजे स्लॅबवर ठेवलेली मोठी कुंडी. तिच्याखाली गाड्या असतात. पावसाचं पाणी तिथून पाइपने गटारात जातं, जमिनीत मुरत नाही. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याला मुरायला जागा उरली नाही की ते कुठे जातं, हे मुलुंडकरांना दर जुलैत दिसतं.

म्हणून पुढच्या सभेत मी लेखी तीन गोष्टी मागणार आहे. एक, मागच्या भिंतीलगतची पट्टी खालपर्यंत मातीचीच राहावी, खाली तळघर नको, वर पेव्हर ब्लॉक नकोत. दोन, खोदकामाच्या आधी वरची फूटभर माती बाजूला काढून जपून ठेवावी, ती डबरासोबत टाकू नये. तीन, हे करारात लिहावं. तोंडी आश्वासनांच्या बातम्या मी खूप छापल्यात, त्यांचं काय होतं ते मला माहीत आहे.

आणि करारात नाही आलं तरी एक तयारी केली आहे. या डिसेंबरात दांडे वाळले की मी कंद खणून काढणार. कोरड्या वाळूत, गोणपाटात, सावलीत ठेवले तर ते मेअखेरपर्यंत झोपून राहतात. मग मोठ्या टबांत लावायचे आणि जिथे भाड्याने राहायला जाऊ तिथे न्यायचे. चार-पाच वर्षं अशी काढता येतात. आई म्हणाली, "काही गावाला पाठव परत. एकाच ठिकाणी सगळं ठेवू नये."

माझ्याकडे तीसेक कंद निघतील असा अंदाज आहे. दहा आमच्यासाठी, दहा गावाला. उरलेले दहा वाटायचे आहेत. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, कुठेही असा. अट एकच, कंद मातीत लावायचा आणि तुमच्या साफसफाईवाल्याला त्याचं नाव सांगून ठेवायचं.

तुमच्या इमारतीच्या मागे अशी पट्टी आहे का? आधी खिडकीतून खाली बघा, मग मला सांगा.