खजरान्याचे देऊळ आणि १७३५ हे साल

इंदूरजवळच्या एका काळच्या खेड्यात, आता शहरात सामावलेल्या खजराना येथे, गणपतीचे प्रसिद्ध देऊळ आहे. ते अहिल्याबाई होळकरांनी इ. स. १७३५ मध्ये बांधले, असे वारंवार छापले जाते. लोकश्रद्धेस धक्का लावावा असा आमचा हेतू नाही. परंतु अध्यापकांनी हे वाक्य विद्यार्थ्यांपुढे तसेच ठेवावे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा. म्हणजे १७३५ मध्ये त्या अवघ्या दहा वर्षांच्या होत्या. कारभार सुभेदार मल्हाररावांच्या हाती होता. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले, आणि पुत्र मालेराव १७६७ मध्ये वारल्यावर राज्याची सूत्रे बाईंकडे आली. काशीचे विश्वेश्वराचे देऊळ (१७८०) आणि गयेस फल्गूच्या काठी उभे असलेले विष्णुपद मंदिर (१७८७) ही त्यांची ख्यातनाम बांधकामे यानंतरचीच होत. तेव्हा १७३५ खरे धरावे तर बांधणारा दुसरा, आणि बाई खऱ्या धराव्यात तर साल पुढचे.

औरंगजेबाच्या भयाने मूर्ती विहिरीत लपविली होती व पुढे ती काढून स्थापिली, अशी स्थळकथा आहे. औरंगजेब १७०७ मध्ये वारला. परंतु या कथेत घटनांचा क्रम आहे, साल नाही. १७३५ ला तिचा आधार मिळत नाही.

मग वास्तूस विचारावे काय? गयेचे मंदिर उघड्या पाषाणाचे आहे. त्याचा मंडप, खांब व शिखर पाहून अभ्यासकास काळाचे अनुमान बांधता येते. खजरान्यास गाभारा रुप्याने मढविला आहे आणि सभोवती नवे बांधकाम वाढले आहे. यात दोष कोणाचाच नाही. नांदते देऊळ भक्तांसाठी असते, संशोधकांसाठी नव्हे.

म्हणून आमची सूचना एवढीच, की 'हे देऊळ अहिल्याबाईंनी बांधले असे परंपरा सांगते' इतकेच शिकवावे आणि साल गाळावे. हा केवळ आकड्यांचा वाद नव्हे. पती, सासरा व पुत्र गमावल्यानंतर ज्या बाईने अठ्ठावीस वर्षे राज्य सांभाळून देवळे उभारली, तिचे कर्तृत्व दहा वर्षांच्या मुलीच्या पदरी बांधल्याने वाढत नाही. उलट त्यामागचा सारा प्रवास पुसला जातो.