क्रॉप सेन्सर कॅमेरा

क्रॉप सेन्सर कॅमेरा म्हणजे ज्याचा प्रतिमा-संवेदक, अर्थात सेन्सर, ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा (३६ × २४ मिलिमीटर) लहान असतो असा अंकीय कॅमेरा होय. या प्रकारात एपीएस-सी आकाराचा सेन्सर सर्वाधिक प्रचलित आहे. हौशी छायाचित्रकार, वन्यजीव छायाचित्रकार आणि लग्नसमारंभांचे व्यावसायिक छायाचित्रकार या कॅमेऱ्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर करतात. जुनी बॉडी बदलून त्याच वर्गातील नवी बॉडी घेताना सेन्सरचा आकार तोच राहतो. त्यामुळे निवड प्रामुख्याने हाताशी असलेल्या लेन्स, छायाचित्रणाचा विषय आणि परिसरातील हवामान यांवर अवलंबून असते. सातारा व सांगली या जिल्ह्यांत हे तिन्ही घटक थोड्या अंतरावर बदलत असल्याने तेथील उदाहरणांवरून ही निवड स्पष्ट करता येते.

इतिहास

एपीएस-सी हे नाव १९९६ साली बाजारात आलेल्या 'ॲडव्हान्स्ड फोटो सिस्टीम' या फिल्मपद्धतीवरून पडले. तिच्यातील 'क्लासिक' चौकटीचा आकार २५.१ × १६.७ मिलिमीटर होता. पूर्ण आकाराचे सेन्सर तयार करणे अतिशय खर्चिक असल्याने उत्पादकांनी या चौकटीच्या जवळपासचा आकार स्वीकारला. निकॉन डी१ (१९९९) आणि कॅनन डी३० (२०००) हे या आकाराचे आरंभीचे कॅमेरे होत. २००३ मधील कॅनन ३००डी या कॅमेऱ्यामुळे अंकीय एसएलआर हौशी ग्राहकांच्या आवाक्यात आला. पुढे आरसा नसलेले, म्हणजेच मिररलेस कॅमेरे आले. निकॉन झेड५० (२०१९), कॅनन आर७ व आर१० (२०२२) आणि सोनी ए६७०० (२०२३) हे त्यांपैकी काही होत.

क्रॉप गुणक

३५ मिलिमीटर चौकटीचा कर्ण आणि सेन्सरचा कर्ण यांच्या गुणोत्तरास क्रॉप गुणक म्हणतात.

- निकॉन, सोनी, फुजीफिल्म, पेंटॅक्स: सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर, गुणक १.५
- कॅनन: सुमारे २२.३ × १४.९ मिलिमीटर, गुणक १.६

३०० मिलिमीटरची लेन्स १.५ गुणकाच्या बॉडीवर पूर्ण चौकटीच्या ४५० मिलिमीटर लेन्सइतके दृश्यक्षेत्र दाखवते. लेन्सची नाभीय लांबी मात्र बदलत नाही; केवळ प्रतिमेचा मधला भाग टिपला जातो. सेन्सरचे क्षेत्रफळ पूर्ण चौकटीच्या सुमारे दोन-पंचमांश असल्याने समान एक्सपोजरला एकूण प्रकाश सव्वा ते दीड स्टॉप कमी मिळतो. मंद प्रकाशात चित्रात दाणेदारपणा लवकर दिसण्याचे हे मुख्य कारण आहे.

बॉडी बदलल्याने होणारा फरक

मेगापिक्सेलच्या आकड्यातील वाढ चित्रात त्या प्रमाणात दिसत नाही. २४ मेगापिक्सेलवरून ३२.५ मेगापिक्सेलवर गेल्यास चित्राची रुंदी पिक्सेलमध्ये केवळ १६ टक्क्यांच्या आसपास वाढते. ६००० × ४००० पिक्सेलचे चित्र इंचाला ३०० ठिपके या दर्जाने २० × १३ इंच छापता येते. लग्नाच्या करिझ्मा अल्बमच्या १२ × ३६ इंची जोडपानावर बहुधा अनेक चित्रे एकत्र मांडलेली असतात. त्यासाठी एवढे पिक्सेल पुरेसे ठरतात.

खरा फरक पुढील बाबींत पडतो:

- स्वयंकेंद्रण, म्हणजे ऑटोफोकसचा वेग आणि डोळे ओळखून त्यांचा माग ठेवण्याची क्षमता
- सलग चित्रे घेण्याचा वेग आणि ती साठवण्याची बफर क्षमता
- पाणी व धूळ रोखणारी सांध्यांची बांधणी
- बॉडीतील कंपन-नियंत्रण
- मेमरी कार्डच्या खाचांची संख्या
- बॅटरीची क्षमता

नवे मॉडेल प्रत्येक बाबतीत सरसच असते असे नाही. निकॉन डी७२०० (२०१५) मध्ये २४.२ मेगापिक्सेल व दोन कार्डखाचा आहेत. त्यानंतरच्या डी७५०० (२०१७) मध्ये २०.९ मेगापिक्सेल व एकच खाच आहे. मात्र सलग चित्रांचा वेग सेकंदाला ६ वरून ८ झाला आहे. डी५०० (२०१६) हा वेग १० पर्यंत नेतो, पण त्यात अंगभूत फ्लॅश नाही.

लेन्स व माउंट

बॉडी कालांतराने बदलली जाते, लेन्स अनेक वर्षे वापरात राहतात. म्हणून माउंट बदलण्याचा निर्णय सर्वांत खर्चिक ठरतो. निकॉनच्या डी३००० व डी५००० मालिकांतील बॉडींमध्ये केंद्रण मोटर नसते. त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर हाताने केंद्रित कराव्या लागतात. डी७००० मालिका व डी५०० यांत ही मोटर आहे. एफटीझेड ॲडॉप्टरमधून झेड माउंटवर गेल्यास याच लेन्सचे स्वयंकेंद्रण पुन्हा बंद पडते. कॅननच्या ईएफ व ईएफ-एस लेन्स ॲडॉप्टरच्या साहाय्याने आरएफ माउंटवर स्वयंकेंद्रणासह चालतात. सोबत मिळालेल्या १८-५५ मिलिमीटर लेन्सवरच काम चालू असेल, तर नव्या बॉडीऐवजी चांगली लेन्स घेतल्याने चित्रात अधिक सुधारणा होते.

सातारा व सांगली परिसरातील वापर

कास पठार: साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील हे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत २०१२ मध्ये समाविष्ट झाले. फुलांचा मुख्य हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस, धुके व सरींमध्ये असतो. म्हणून येथे बांधणीची जलरोधकता महत्त्वाची ठरते. बॉडी जलरोधक असली तरी लेन्स तशी नसल्यास तिचा उपयोग होत नाही. दवबिंदू व सीतेची आसवे यांसारख्या लहान वनस्पतींसाठी १:१ मॅक्रो लेन्स वापरल्यास क्रॉप सेन्सरवर सुमारे २३ मिलिमीटर रुंदीचे क्षेत्र संपूर्ण चौकट व्यापते. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात हे क्षेत्र ३६ मिलिमीटर असते. फुलांमध्ये पाय ठेवण्यास मनाई असल्याने, वाटेवरूनच कॅमेरा जमिनीलगत धरण्यासाठी बाहेर वळणारा पडदा उपयोगी पडतो.

यात्रा: कराड तालुक्यातील पाल येथे पौष महिन्यात खंडोबा-म्हाळसा विवाहसोहळ्यात भंडाऱ्याची मोठी उधळण होते. हळदीची बारीक पूड सांध्यांतून, विशेषतः लेन्स बदलताना, आत शिरते व सेन्सरवर बसते. अशा ठिकाणी लेन्स न बदलता एका बॉडीवर एकच झूम लेन्स ठेवणे अथवा दोन साध्या बॉडी बाळगणे सुरक्षित मानले जाते. वाई तालुक्यातील बावधनच्या बगाड यात्रेतही धूळ व गर्दी यांमुळे हीच अडचण येते.

वन्यजीव: सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यात सांबर, चितळ व काळवीट आढळतात, तर खटाव तालुक्यातील मायणी तलावावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. उघड्या पाण्यावरील पक्ष्यांच्या जवळ जाता येत नसल्याने क्रॉप सेन्सरचे अरुंद दृश्यक्षेत्र येथे फायद्याचे ठरते. याउलट चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या दाट जंगलात सकाळ-संध्याकाळचा प्रकाश अपुरा असतो. तेथे मोठ्या छिद्राची लेन्स बॉडीपेक्षा अधिक निर्णायक ठरते.

कुस्ती व लग्नसमारंभ: कुंडलसारख्या कुस्ती मैदानावर डाव क्षणात होतो, तेथे ऑटोफोकस व बफर यांची कसोटी लागते. लग्नातील विधी पुन्हा घडवता येत नाहीत. म्हणून एकच चित्र दोन कार्डांवर एकाच वेळी नोंदवण्याची सोय व्यावसायिकासाठी मेगापिक्सेलपेक्षा मोलाची आहे. दिवसभराच्या कामात बॅटरीही महत्त्वाची असते. डी७५०० मध्ये एका भारणात प्रमाणित चाचणीनुसार ९५० चित्रे निघतात, तर झेड५० मध्ये सुमारे ३००. मिररलेस बॉडी घेणाऱ्यास जादा बॅटऱ्यांचा खर्च गृहीत धरावा लागतो.

जुनी बॉडी व देखभाल

वापरलेली बॉडी घेताना शटरची मोजणी पाहिली जाते. डी७२०० व डी७५०० यांचे शटर १,५०,००० आणि डी५०० चे २,००,००० वेळांपर्यंत तपासलेले असते. हा आकडा हमी नसून अंदाज असतो. महाबळेश्वर व पाटण भागातील दीर्घ, दमट पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी लागण्याचा धोका असतो. ती टाळण्यासाठी कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात किंवा आर्द्रता-नियंत्रित कपाटात ठेवतात. जुनी लेन्स घेण्यापूर्वी तिच्यातून टॉर्चचा प्रकाश सोडून पाहिल्यास आतील बुरशीचे धागे दिसतात.

हे सुद्धा पहा

- कास पठार
- सागरेश्वर अभयारण्य
- चांदोली राष्ट्रीय उद्यान
- छायाचित्रण