वाकवणारा ताप आणि साठवलेले पाणी

२००६ च्या पावसाळ्यात मी एका आरोग्यविषयक पत्रकाचा मराठी अनुवाद केला होता. 'चिकुनगुनिया' हा शब्द तसाच ठेवला. दुसरा इलाज नव्हता. पत्रक वाचून शेजारच्या काकूंनी विचारले, "म्हणजे कोंबडी बंद करायची ना?" त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरच्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता. कानाला 'चिकन' ऐकू आले आणि मनाने उरलेला अर्थ जुळवून टाकला.

मूळ शब्द कोंबडीपासून फार दूरचा आहे. तो आजच्या टांझानियाच्या दक्षिणेकडील माकोंडे लोकांच्या भाषेतला. १९५२ मध्ये नेवाला भागात तापाची साथ आली. सांधे असे धरत की माणूस वाकून जाई. लोकांनी तापाला नाव दिले ते या वाकण्यावरून. मॅरियन रॉबिन्सन आणि लम्सडेन यांनी १९५५ मध्ये साथीची नोंद प्रसिद्ध केली, आणि गावकऱ्यांचा शब्द वैद्यकाच्या कोशात गेला. डेंग्यूला आपल्याकडे 'हाडमोड्या ताप' म्हणत, त्याच जातीचे हे नाव: रोग्याच्या देहाकडे पाहून ठेवलेले.

पण नावात देह आला, कारण आले नाही. माकोंडे पठारावर पाण्याचे दुर्भिक्ष होते. पाणी लांबून आणायचे आणि घरात भांड्यांत साठवायचे, हा तिथला रिवाज. एडिस इजिप्ती हा डास नेमक्या अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो.

पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झाले तेही १९५२ मध्येच. पुढे १९६३ मध्ये कलकत्त्यात आणि पाठोपाठ मद्रासेत हा ताप पसरला, तेव्हा विषाणू ओळखण्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. १९७३ मध्ये साथ आली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. महाराष्ट्र तेव्हा मोठ्या दुष्काळातून जात होता. बार्शी आणि नेवाला यांच्यामध्ये अख्खा समुद्र आहे. पण पाण्याची वाट पाहणे आणि मिळालेला हंडा जपून ठेवणे दोन्हीकडच्या बायकांना सारखेच ठाऊक.

त्यानंतर सुमारे तीन दशके या रोगाची देशात मोठी साथ आली नाही. त्या काळात वाढलेल्या पिढीला नावही ऐकून माहीत नव्हते. २००५ च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रात तो परतला. २००६ मध्ये देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची सरकारी नोंद झाली. मृत्यू विरळ, म्हणून बातम्या लवकर ओसरल्या. पण रोजंदारीवर जगणाऱ्याला महिनोन्‌महिने मूठ वळली नाही, तर त्या घराचे काय होते ते मृत्यूच्या आकड्यात दिसत नाही.

माझ्या पत्रकात एक ओळ होती: आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून ठेवा. शास्त्र बिनचूक आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसते ओतणे पुरत नाही, घासावे लागते. पण जिथे नळाला आठवड्याने पाणी येते, तिथे भरलेला रांजण कोण ओतेल? ज्यांचे बहुतेक दिवस कोरडेच, त्यांना मी आणखी एक कोरडा दिवस पाळायला सांगत होते.

आज ते पत्रक पुन्हा करायला मिळाले, तर शब्द तोच ठेवीन. त्याच्याशेजारी 'वाकवणारा ताप' असे लिहीन, आणि रिकामे करता येत नसेल ते भांडे फडक्याने घट्ट बांधायला सांगेन. नळाला रोज पाणी यावे, ही ओळ मात्र पत्रकात बसणारी नाही. ती ज्यांनी वाचायची, त्यांच्या घरी रांजण नसतात.